करप्याची जन्मकुंडली मांडणारा डॉक्टर : अँटन डी बॅरी

चार दिवस ढगाळ हवा, वर रिमझिम, पहाटे पानावर दहिवर. पाचव्या दिवशी टोमॅटोच्या प्लॉटमध्ये गेलं की पानावर काळपट, पाणी मुरल्यासारखे डाग दिसतात. पान उलटं केलं की डागाच्या कडेला बारीक पांढरी लव. आपण म्हणतो, करपा आला. कृषी सेवा केंद्रात पान दाखवलं की दुकानदार म्हणतो, हा फायटोफ्थोरा. विदर्भातल्या संत्र्याच्या बागायतदारांना हे नाव डिंक्या रोगामुळे पाठ झालंय, कोकणात सुपारीवाल्यांना कोळेरोगामुळे. नाव अवघड आहे, पण आता गावोगाव रुळलंय. ग्रीक भाषेत त्याचा अर्थ होतो झाडांचा नाश करणारा.

हे नाव १८७६ साली एका जर्मन माणसाने ठेवलं. त्यांचं नाव अँटन डी बॅरी. शिक्षणाने ते माणसांचे डॉक्टर, पण आयुष्यभर पेशंट म्हणून तपासली ती पिकं. पिकाच्या रोगांचं आज जे शास्त्र कृषी महाविद्यालयात शिकवतात, त्याचे जनक म्हणून त्यांच्याकडे बोट दाखवतात. मोबाईलवर एक फोटो टाकला की रोगाचं नाव कळतं अशा आजच्या काळात, त्यांनी काय शोधलं हे समजून घेणं आपल्या कामाचं आहे. कारण औषध कधी मारायचं आणि कुठलं मारायचं, याचं उत्तर त्यांनी काचेखाली पाहिलेल्या त्या बारीक तंतूंमध्येच आहे.

डी बॅरी यांचा जन्म २६ जानेवारी १८३१ चा, आजच्या जर्मनीतल्या फ्रँकफर्ट शहरातला. आपल्या प्रजासत्ताक दिनाची तारीख, म्हणून लक्षात ठेवायला सोपी. वडील डॉक्टर, घरात दहा भावंडं. फ्रँकफर्टच्या आसपास रानोमाळ हिंडून झाडं, पानं, शेवाळं गोळा करणारी हौशी मंडळी होती. वडिलांनी अँटनला या मंडळींबरोबर जायची मोकळीक दिली, उलट जा म्हणून पाठवलं. तिथेच त्यांना फ्रेझेनियस नावाचे डॉक्टर गुरू मिळाले. फुलाफळांच्या मोठ्या झाडांपेक्षा शेवाळ आणि बुरशी यांचा फ्रेझेनियसना जास्त नाद होता. पोराला तोच नाद लागला.

पोरगा चौदा वर्षांचा होता तेव्हा युरोपात बटाट्यावर करपा आला. सन १८४५. बेल्जियमच्या बाजूने सुरू झालेला रोग एका हंगामात जर्मनी, फ्रान्स, इंग्लंड पार करत आयर्लंडला पोचला. आयर्लंडमधला गरीब शेतकरी बटाट्यावरच जगत होता. सकाळी, दुपारी, रात्री बटाटाच. हिरवंगार रान आठवड्याभरात काळं पडलं, घाण वास सुटला, आणि जमिनीतले बटाटे खणून काढले तरी सडले. पुढची काही वर्षं हेच चाललं. साधारण दहा लाख माणसं उपासमारीने आणि त्यातून आलेल्या रोगांनी मेली, तेवढीच किंवा त्याहून जास्त देश सोडून गेली. आपल्याकडे ७२ चा दुष्काळ जुनी माणसं अजून सांगतात. आयर्लंडमध्ये पाऊण-दोनशे वर्षं होऊनही त्या दुष्काळाची आठवण गेलेली नाही.

आता खरी गंमत पाहा, गंमत म्हणायची तर. करपलेल्या पानावर पांढरी बुरशी आहे हे लोकांना दिसत होतं. शास्त्रज्ञांनी तिला नावही दिलं होतं. पण बहुतेक विद्वान म्हणत होते की ही बुरशी रोगाचं कारण नाही, रोगाचा परिणाम आहे. म्हणजे आधी झाड आतून बिघडतं, त्याचा रस नासतो, आणि त्या नासलेल्या रसातून बुरशी आपोआप तयार होते. अंगावर पुरळ उठावं तशी ती पानावर उठते. आपल्याकडेही घामातून उवा होतात, शेणातून किडे होतात असं म्हणणारी माणसं होतीच. तिकडे विद्यापीठातले प्राध्यापक तसंच म्हणत होते, एवढाच फरक. कोणी हवेला दोष दिला, कोणी पावसाला, कोणी जमिनीत साचलेल्या पाण्याला. इंग्लंडमधले बर्कली नावाचे पाद्री १८४६ साली ठामपणे म्हणाले की बुरशीमुळेच रोग होतो. पण पक्का पुरावा नव्हता, त्यामुळे त्यांचं फारसं कोणी ऐकलं नाही.

हा वाद नुसता पुस्तकी नव्हता. बुरशी जर बिघडलेल्या झाडातूनच आपोआप येत असेल, तर शेतकऱ्याने करायचं काय? हवा बदलणं त्याच्या हातात नाही. पण बुरशी बाहेरून येत असेल, तर ती कुठून येते, कशावर बसून येते, पानात कुठून शिरते हे शोधता येतं. आणि मग तिची वाट अडवता येते.

डी बॅरी हायडेलबर्ग, मारबर्ग आणि मग बर्लिनला डॉक्टरकी शिकले. १८५३ मध्ये पदवी मिळाली. त्याच वर्षी त्यांचं एक पुस्तक निघालं, आणि विषय होता पिकांवरची काणी आणि तांबेरा. वय बावीस. त्यात त्यांनी सांगितलं की काणी-तांबेऱ्याच्या बुरशी पिकाच्या पेशींतून निघत नाहीत, त्या वेगळ्या जीव आहेत आणि रोग त्यांच्यामुळे होतो. फ्रँकफर्टला थोडे दिवस दवाखाना चालवला, पण मन रमेना. ट्युबिंगेनला शिकवायला गेले आणि १८५५ मध्ये फ्रायबर्गच्या विद्यापीठात. तिथे बाग होती, शिकवण्याचं काम होतं, आणि त्यांनी वनस्पतीशास्त्राची एक छोटी प्रयोगशाळा उभी केली. १८६१ साली लग्न झालं, चार मुलं झाली. घरच्या गोष्टी एवढ्यावर सोडू, कारण या माणसाची खरी गोष्ट काचेखाली आहे.

काचेखाली काय दिसलं

त्या काळी मायक्रोस्कोपला वीज नव्हती. खिडकीतून येणारा उजेड आरशावर घ्यायचा आणि पानाच्या पातळ कापावर पाडायचा. बुरशी आधीही अनेकांनी अशी पाहिली होती. पण ते एकदा पाहायचे, चित्र काढायचे आणि मोकळे व्हायचे. डी बॅरींची पद्धत वेगळी होती. एक बीजाणू घ्यायचा, म्हणजे बुरशीचं बी म्हणा, आणि त्याचं पुढे काय होतं ते बघत बसायचं. तो कधी रुजतो, कोंब कुठे जातो, पानात कसा घुसतो, आत काय करतो, पुन्हा बाहेर कधी येतो. जन्मापासून पुढच्या पिढीच्या जन्मापर्यंत. जनावराच्या वेताची नोंद ठेवावी तशी नोंद.

बटाट्याच्या करप्याची अशी पूर्ण कहाणी त्यांनी १८६१ मध्ये छापली. त्यांना जे दिसलं ते साध्या भाषेत असं.

पानाच्या आत बुरशीचे तंतू पसरलेले असतात. एकेक तंतू म्हणजे बारीक नळी, माणसाच्या केसाच्या दहाव्या हिश्श्याएवढी जाड. नळीला वेगळी भिंत असते, आत जिवंत रस वाहत असतो. पानाच्या पेशी म्हणजे शेजारी शेजारी रचलेल्या विटा समजा. हे तंतू त्या विटांच्या सांध्यांतून सरकत जातात. तंतू पानाच्या पेशीतून फुटलेला नसतो, दोघांच्या भिंती वेगळ्या दिसतात. म्हणजे झाडाचा रस नासून तंतू झाला ही गोष्ट तिथेच कोसळली. चोर घरात शिरलाय हे दिसत असताना घरानेच चोर जन्माला घातला असं म्हणता येत नाही.

आपण नेहमी बघतो त्या बुरशीच्या तंतूला मध्ये मध्ये आडवे पडदे असतात, उसाच्या कांड्यासारखे. करप्याच्या तंतूला असे पडदे जवळपास नसतात. सलग नळी, मोकळा पाइप. आतला रस या टोकापासून त्या टोकापर्यंत वाहतो. या तंतूंना बारीक बोटं फुटतात आणि ती पेशीच्या भिंतीतून आत घुसतात. या बोटांना हौस्टोरियम म्हणतात. बांडगुळाचं मूळ आंब्याच्या फांदीत घुसून रस ओढतं, तसंच हे बोट पेशीतलं अन्न ओढतं. डी बॅरींनी १८६३ साली या गटातल्या बऱ्याच बुरशींच्या बोटांची तपशिलाने वर्णनं दिली.

मग तंतू पानाच्या खालच्या बाजूने बाहेर येतात. पान ज्या छिद्रांतून श्वास घेतं त्याच छिद्रांतून. आपल्याला दिसणारी पांढरी लव ती हीच. लवेच्या फांद्यांवर लिंबाच्या आकाराच्या पिशव्या लटकतात, इतक्या लहान की एका मिलिमीटरच्या ओळीत तीसेक बसतील. वाऱ्याने, पावसाच्या थेंबाने त्या सुटतात आणि शेजारच्या पानावर पडतात.

पुढचा भाग ऐकण्यासारखा आहे. पान ओलं असेल आणि हवा थंड, साधारण १२ ते १५ अंशांची, तर पिशवीतला रस आठ-दहा तुकड्यांत वाटला जातो. पिशवीचं टोक उघडतं आणि एकेक तुकडा बाहेर पडून पाण्यात पोहायला लागतो. होय, पोहायला. प्रत्येकाला दोन शेपट्या असतात, आणि पानावरच्या दवाच्या थेंबात हे जीव माशाच्या पिलांसारखे फिरतात. या वेळी त्यांच्या अंगाला भिंतसुद्धा नसते, उघडे असतात. थोड्या वेळाने ते पानाला चिकटतात, शेपट्या गळतात, अंगाभोवती भिंत तयार होते, एक कोंब निघतो आणि पानात घुसतो. आत गेला की चार-पाच दिवसांत नवा डाग, नवी लव, नव्या पिशव्या. हवा गरम असेल तर पिशवी पिलं न सोडता स्वतःच कोंब काढते, पण मग एका पिशवीतून एकच कोंब. थंड ओलाव्यात एकाचे आठ-दहा होतात. करपा ढगाळ गार हवेत एवढा पेटतो का, याचं उत्तर हे आहे. हवा रोग करत नाही, हवा रोगाला पाणी आणि वेळ देते.

हे दाखवून ते थांबले नाहीत. निरोगी बटाट्याची झाडं घेतली, सगळ्यांना सारखीच गार ओलसर हवा दिली. काहींवर बीजाणू टाकले, काहींवर टाकले नाहीत. ज्यांच्यावर टाकले तीच झाडं करपली. बाकीची त्याच ओलाव्यात राहून हिरवी राहिली. त्यांनी हेही दाखवलं की बुरशी बटाट्याच्या कंदात तंतूच्या रूपात हिवाळा काढते आणि तेच बेणं लावलं की कोंबाबरोबर वर येते. म्हणजे रोग आपण स्वतःच्या हाताने शेतात लावत होतो. बेणं तपासून घ्या हा सल्ला आज फुकटचा वाटतो, पण त्यामागे दहा लाख माणसांचा जीव गेलेला आहे.

एक तारीख शेजारी ठेवून बघा. रॉबर्ट कॉख यांनी जनावरांच्या काळपुळीमागचा जंतू १८७६ मध्ये सिद्ध केला. डी बॅरींचं बटाट्याचं काम त्याच्या १५ वर्षं आधीचं. जंतूमुळे रोग होतो हा धडा डॉक्टरांच्या आधी पिकांनी शिकवला.

भुरीचं औषध डाऊनीला का लागू पडत नाही

इथे थोडं आडवळण घेतो, कारण द्राक्ष बागायतदारांना याचा थेट उपयोग आहे. द्राक्षाचा डाऊनी हा करप्याचाच भाऊबंद. त्यालाही तसाच सलग तंतू, तशीच पेशीत घुसणारी बोंडं, तशीच पाण्यात पोहणारी पिलं. डी बॅरींनी १८६३ मध्ये त्याला याच गटात बसवलं होतं. या गटातल्या बुरशी शेवाळासारख्या दिसतात, वागतात, त्यांचं नातं शेवाळाशी असावं असं त्यांचं मत होतं. आजचं विज्ञान त्याच्याही पुढे गेलंय. करपा आणि डाऊनी ही खरी बुरशीच नाही असं आता मानतात. खऱ्या बुरशीची पेशीभिंत मुख्यतः कायटिनवर उभी असते, खेकड्याच्या कवचात असतं तेच कायटिन. करपा-डाऊनीच्या भिंतीत सेल्युलोज असतं, कापसाच्या धाग्यात असतं ते. त्यांचे जवळचे नातेवाईक समुद्रातली तपकिरी शेवाळं.

याचा शेतात अर्थ काय? भुरी ही खरी बुरशी. तिला पेशीच्या पडद्यासाठी एक स्निग्ध पदार्थ स्वतः बनवावा लागतो, आणि ट्रायझोल गटातली औषधं नेमकं तेच काम बंद पाडतात. डाऊनी आणि करपा तो पदार्थ बनवतच नाहीत. म्हणून भुरीवरचं ट्रायझोल कितीही मारलं तरी डाऊनी हलत नाही. उलट मेटॅलॅक्झिलसारखी औषधं डाऊनी-करप्यावर चालतात, भुरीवर नाही. शेजाऱ्याने मारलं म्हणून आपण मारलं, अशाने बागेत पैसा जातो. आधी पान उलटून बघायचं, लव खाली आहे की पावडर वर आहे ते. बाकी पेशीची रचना ठरवते.

शेतकरी म्हणत होते ते खरं निघालं

गव्हाच्या तांबेऱ्याची गोष्ट तर याहून भारी. युरोपात बार्बेरी नावाचं काटेरी झुडूप कुंपणाला लावायचे. आयुर्वेदातल्या दारुहळदीच्या कुळातलं ते झुडूप. तिकडचे शेतकरी शेकडो वर्षं सांगत होते की बार्बेरीच्या शेजारच्या गव्हावर तांबेरा जास्त पडतो. अमेरिकेत कनेक्टिकटमध्ये १७२६ साली बार्बेरी तोडायचा कायदाही झाला. पण विद्वानांना हे पटत नव्हतं. बार्बेरीच्या पानावर पिवळ्या वाट्या दिसतात, गव्हावर तांबडी भुकटी. दिसायला दोन्ही वेगळे, नावं वेगळी, मग संबंध काय? अडाण्यांची समजूत म्हणून विषय बाजूला पडायचा.

डी बॅरींनी तीच जुनी पद्धत लावली, बीजाणूचा पाठलाग करायचा. गव्हावरची तांबडी भुकटी गव्हावरून गव्हावर जाते हे सरळ होतं. पण हंगाम संपताना काडावर काळे ठिपके येतात. त्यातले बीजाणू जाड भिंतीचे आणि दोन पेशींचे, हिवाळाभर काडावर झोपून राहणारे. वसंतात ते जागे होतात आणि अगदी बारीक, नाजूक बीजाणू सोडतात. डी बॅरींनी हे बारीक बीजाणू गव्हाच्या पानावर टाकले. काहीच झालं नाही. मग शेतकऱ्यांचं म्हणणं खरं मानून ते बार्बेरीच्या कोवळ्या पानावर टाकले. तिथे कोंब थेट पेशीची भिंत भेदून आत शिरले, आणि काही दिवसांत त्याच ओळखीच्या पिवळ्या वाट्या उगवल्या. त्या वाट्यांतले बीजाणू तृणधान्याच्या पानावर टाकले, तर तिथे तांबेरा. साल १८६५. एकाच जिवाचं अर्धं आयुष्य एका झाडावर आणि अर्धं दुसऱ्या झाडावर जातं, हे जगाला पहिल्यांदा पुराव्यानिशी कळलं. अमेरिकेने पुढे १९१८ पासून बार्बेरी उपटायची मोठी मोहीम काढली.

आपल्याकडे मात्र हा हिशेब जुळत नाही, तेही सांगून टाकतो. आग्र्याचे प्राध्यापक के. सी. मेहता यांनी विसाव्या शतकात आयुष्य घालून दाखवलं की भारताच्या सपाटीवरच्या तांबेऱ्यात बार्बेरीचा वाटा नाही. उन्हाळ्यात सपाटीवर तांबेरा जळून जातो, पण हिमालयात आणि दक्षिणेला निलगिरी-पळणीच्या थंड डोंगरांत तो जिवंत राहतो आणि वाऱ्यावर बसून खाली येतो. आपल्या महाबळेश्वरलाही गव्हाच्या तांबेऱ्यावर काम करणारं संशोधन केंद्र आहे. म्हणजे बीजाणूचा माग काढायची पद्धत डी बॅरींचीच, उत्तर मात्र इथलं वेगळं.

सुवर्णपदकाचा वाद

एवढं सगळं सापडलं तरी करप्याच्या बाबतीत एक गोष्ट डी बॅरींना मिळाली नाही. या गटातल्या बऱ्याच जातींमध्ये नर आणि मादी भाग एकत्र येऊन जाड भिंतीचा एक टणक बीजाणू बनतो, जो जमिनीत दीर्घकाळ टिकतो. करप्यात तो दिसेना. इंग्लंडमध्ये वर्दिंग्टन स्मिथ नावाच्या अभ्यासकाने १८७५ मध्ये जाहीर केलं की तो मला सापडला. त्यांना सुवर्णपदकही मिळालं. डी बॅरींनी नमुने तपासले आणि म्हणाले की हे करप्याचे नाहीत, सडक्या पानावर वाढलेल्या दुसऱ्याच जिवाचे आहेत. वाद चांगलाच पेटला. इंग्लंडच्या शेती संस्थेसाठी लिहिलेल्या १८७६ च्या लेखात त्यांनी सगळी बाजू मांडली, आणि याच लेखात करप्याच्या जिवाला फायटोफ्थोरा इन्फेस्टन्स हे नाव दिलं.

ते बरोबर होते. करप्याला हा टणक बीजाणू तयार करायला दोन वेगवेगळे प्रकार एकत्र यावे लागतात, आपण नर-मादी म्हणतो त्यासारखे. युरोपात तेव्हा एकच प्रकार पोचला होता. दुसरा प्रकार मेक्सिकोत १९५० च्या दशकात सापडला, म्हणजे डी बॅरी जाऊन साठ-सत्तर वर्षं झाल्यावर. जे दिसलं नाही ते दिसलं म्हणून सांगायचं नाही, एवढंच पथ्य त्यांनी पाळलं होतं. पदक मिळत असताना हे पथ्य पाळणं सोपं नसतं.

दरम्यान १८६७ मध्ये ते हाले विद्यापीठात गेले होते, आणि १८७२ मध्ये स्ट्रासबर्गला. फ्रान्स-जर्मनी युद्धानंतर हे शहर जर्मनीकडे आलं होतं, विद्यापीठ नव्याने उभं राहत होतं, आणि त्याचे पहिले कुलगुरू डी बॅरीच झाले. त्यांच्या प्रयोगशाळेत रशिया, अमेरिका, फ्रान्स, इंग्लंड इथून पोरं शिकायला येत. रशियाच्या वोरोनिन यांनी कोबीच्या मुळांवर गाठी आणणाऱ्या रोगाचं कारण शोधलं. अमेरिकेच्या फार्लो यांनी तिकडे हा विषय शिकवायला सुरुवात केली.

पण आपल्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचा शिष्य म्हणजे फ्रान्सचे मिलार्दे, फ्रायबर्गच्या दिवसांतले. १८७८ मध्ये डाऊनी अमेरिकेतून फ्रान्सच्या द्राक्षबागांत शिरला होता. १८८२ च्या ऑक्टोबरात मिलार्दे बोर्दो भागातल्या सेंट जुलियन गावाच्या रस्त्याने जात होते. सगळ्या बागेची पानं गळालेली, पण रस्त्याकडेच्या ओळी मात्र हिरव्या. विचारलं तर कळलं की येणारे-जाणारे द्राक्षं तोडून खातात म्हणून मालकाने कडेच्या वेलींवर मोरचूद आणि चुना शिंपडलाय, विषारी वाटावं म्हणून. दुसऱ्याने ते हसण्यावारी नेलं असतं. पण मिलार्देंना गुरूकडे शिकल्यामुळे माहीत होतं की या रोगाची पिलं पानात शिरायच्या आधी पाण्याच्या थेंबात उघडी पोहत असतात. त्या थेंबात तांबं उतरलं की ती तिथेच मरणार. १८८५ मध्ये त्यांनी पद्धत छापली, आणि आपल्या सुपारीपासून द्राक्षापर्यंत आजही जे मारलं जातं ते बोर्डो मिश्रण जन्माला आलं. बोर्डो डाग दिसल्यावर नाही, आधी मारायचं, हे कशामुळे ते आता लक्षात आलं असेल. कोंब पानात गेला की वरचं तांबं त्याच्यापर्यंत पोचत नाही.

सगळ्याच बुरशी शत्रू नसतात, हेही डी बॅरींनीच ठासून सांगितलं. काळ्या मसाल्यात टाकायचं दगडफूल घ्या. ते एक फूल नाही आणि एक झाडही नाही. बुरशी आणि शेवाळ एकमेकांच्या आधाराने राहतात, त्यांचा तो संसार आहे. बुरशी घर आणि ओलावा देते, शेवाळ उन्हात अन्न बनवतं. अशा एकत्र राहण्याला डी बॅरींनी १८७८ मधल्या एका भाषणात सिंबायोसिस हा शब्द वापरला. आपण त्याला सहजीवन म्हणतो. हरभरा-सोयाबीनच्या मुळावरच्या गाठींबद्दल आणि रायझोबियमच्या पाकिटांबद्दल बोलताना आज हाच शब्द वापरतात.

शेवटच्या वर्षांतही काम थांबलं नाही. १८८६ मध्ये त्यांनी गाजर, घेवडा अशा पिकांना सडवणाऱ्या स्क्लेरोटिनिया बुरशीवर लिहिलं. करप्याची बुरशी जिवंत पेशीत बोट घालून खाते, ही मात्र वेगळ्या चालीची. ती स्वतः पोचायच्या आधीच एक रस सोडते, त्याने पेशी मरतात, भिंती विरघळतात, आणि मग ती मेलेल्या मालावर वाढते. पेशीच्या पातळीवर दोन शत्रूंच्या दोन तऱ्हा त्यांनी अशा वेगळ्या करून ठेवल्या. पिकांच्या रोगांची शिकवणी आजही इथूनच सुरू होते.

त्यानंतर जबड्यात गाठ निघाली. मोठी शस्त्रक्रिया झाली, उपयोग झाला नाही. १९ जानेवारी १८८८ रोजी स्ट्रासबर्गमध्ये ते गेले. सत्तावन्नावा वाढदिवस आठवड्यावर आला होता. मिलार्देंचं बोर्डो मिश्रण तेव्हा फ्रान्सच्या बागांत फवारलं जाऊ लागलं होतं, आणि त्याच वर्षी द्राक्षाच्या डाऊनीला प्लास्मोपारा हे नाव मिळालं, जे आज औषधाच्या माहितीपत्रकावर छापलेलं असतं.